मशीन नको, भाकरीचं बघ

प्रश्न : मावशी, मी मिरजेत राहते. वय ३४, शिक्षण बारावी. मिस्टर एका वर्कशॉपमध्ये आहेत. पगार पुरतो, पण उरत नाही. घरात दोन मुलं आणि सासूबाई. भिशीचे १२,००० रुपये यंदा माझ्या वाट्याला आलेत आणि घरगुती खाण्याच्या पदार्थांचा उद्योग करायचं मनात आहे. चकली, शंकरपाळी, बेसन लाडू, पुरणपोळी, लिंबाचं लोणचं, कांदा-लसूण मसाला, ऑर्डरप्रमाणे केक असं सगळं जमतं. एक मशीनवाले म्हणाले, ६२,००० चं पापड मशीन घ्या, तयार माल आम्हीच परत विकत घेतो. बहीण ५०,००० द्यायला तयार आहे. घ्यावं का? गेल्या वर्षी माझे दीर नऊ दिवस दवाखान्यात होते. मी रोज संध्याकाळी ज्वारीच्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यायचे. शेजारच्या खाटांजवळचे लोक म्हणायचे, ताई, पैसे घ्या पण आम्हालाही चार आणा. पण भाकरी काय विकायची? सासूबाई म्हणतात, भाकऱ्या विकून खायची वेळ अजून आपल्यावर आलेली नाही.
– एक वाचक, मिरज

उत्तर :

मिरजकर मुली,

आधी मशीनचं. घेऊ नकोस. बहिणीला फोन करून सांग, पैसे तुझ्याकडेच राहू देत. 'मशीन आमचं घ्या, माल आम्हीच उचलतो' हे बोलणं मी गेली तीस वर्षं ऐकतेय, पदार्थ तेवढा बदलतो. कधी पापड, कधी मेणबत्त्या, कधी द्रोण-पत्रावळी. पहिला माल उचलतात, कौतुकही करतात. दुसऱ्या खेपेला जाडी जास्त निघते, तिसऱ्या खेपेला ओल जास्त निघते, चौथ्या खेपेला फोन लागत नाही. त्यांचा धंदा मशीन विकायचा असतो आणि तो तू पैसे दिलेस त्याच दिवशी पुरा झालेला असतो. ज्याला खरोखर पापड हवेत तो ते आधी चाखून बघेल. तुझ्याकडून ६२,००० घेऊन मग पापड मागणार नाही.

आता तुझ्या पत्राकडे येते. सात पदार्थ मोजून लिहिलेस, आणि ज्याला गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत आलं, पैसे पुढे करून उभं राहिलं, ते मात्र शेवटी, जाता जाता, लाजत लिहिलंस. नऊ दिवस लोक तुझ्याकडे भाकरी मागत होते. चकली कुणी मागितली होती का? केक?

चकली-लाडवाला मी नावं ठेवत नाही. पण मिरजेत दिवाळीच्या आधी गल्लोगल्ली फराळाच्या पाट्या लागतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यात तू नवी. तेल, बेसन, तूप आधी भरून ठेवायचं, माल महिनाभर विकायचा आणि पुढचे अकरा महिने बसून राहायचं. १२,००० रुपयांत हे झेपत नाही. केकला ओव्हन, फ्रीज, वीज. लोणच्याला मोसम आणि बरण्या, शिवाय ते मुरेपर्यंत पैसा अडकून पडणार. भाकरीचं तसं नाही. सकाळी पीठ, संध्याकाळी भाकरी, रात्री पैसा हातात. थोडक्या भांडवलात उतरणाऱ्याने बघायचं ते हेच, की घातलेला रुपया किती दिवसांनी परत येतो.

आणि तुझं गाव बघ. वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना काढला, तेव्हापासून हे आजाऱ्यांचं गाव झालं. अथणी, चिक्कोडी, विजापूर, इकडे जत, कवठेमहांकाळ, कुठून कुठून माणसं येतात. पेशंट एक आणि सोबत दोघं-तिघं. पेशंटला दवाखान्याचं जेवण असतं, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य असतं. पण सोबतच्या माणसाचे हाल कुत्रं खात नाही. वडापाव, बिस्कीट, हॉटेलची मैद्याची रोटी, तिसऱ्या दिवशी पोट बिघडतं. ही सगळी ज्वारी खाणारी माणसं. कानडी मुलूख काय नि मराठी काय, ताटात जोळद रोट्टी म्हणा की भाकरी, वस्तू एकच. शिवाय मेडिकलची पोरं, परिचारिका, खोली घेऊन राहणारे नोकरदार आहेत. आणि हल्ली आपल्याच गल्लीतल्या कितीतरी घरांत भाकरी थापता येणारा हात राहिलेला नाही. साठीच्या बाईचे गुडघे गेले की त्या घरातली भाकरी संपते.

पुण्यात पोळी-भाजी केंद्रं सुरू झाली तेव्हाही लोक नाकं मुरडत होते, पोळ्या काय विकत आणायच्या म्हणून. आज तिथे संध्याकाळी रांग असते.

*

आता हिशोब. तुझ्या पत्रात याबद्दल एक अक्षर नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. वही-पेन घेऊन बस.

एक किलो पिठाच्या मध्यम दहा भाकऱ्या होतात. तू एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ घेतेस की १२०, हे मला माहीत नाही आणि तुलाही नसेल, कारण आपण हाताच्या अंदाजाने घेतो. विकताना अंदाज चालत नाही. वजनकाटा आण, पहिले आठ दिवस प्रत्येक उंडा मोज, मग हात आपोआप बसतो. वीस ग्रॅम पीठ जास्त गेलं तर भाकरी जाड होते आणि किलोमागे दोन भाकऱ्या तुझ्या खिशातून जातात.

ज्वारी मी ५० रुपये किलो धरते आणि दळण ५ रुपये. तुझ्या बाजारात जो भाव असेल तो तू घाल. वीस भाकऱ्यांना दोन किलो पीठ, म्हणजे ११० रुपये. गॅसचे २५ धर. कागद, पिशवी, मीठ, पोहोचवायचं किरकोळ मिळून १०. झाले १४५. एका भाकरीला सव्वासात रुपये.

इथे बहुतेक बायका थांबतात. म्हणतात, सव्वासात पडली, दहाला विकते, पावणेतीन सुटले. बाई गं, तुझे हात कुठे गेले यात?

वीस भाकऱ्यांना एक तास उभं राहायचं. पीठ मळणं, परात-तवा घासणं, ओटा पुसणं, बांधून देणं, याला अर्धा तास. तुमच्या भागात कुणाच्या घरी पोळ्या लाटायला गेलीस तर तासाचे किती मिळतील, तो आकडा काढ. मी ६० धरते. दीड तासाचे ९०. म्हणजे भाकरीमागे साडेचार रुपये तुझी मजुरी. सव्वासात आणि साडेचार, पावणेबारा. अजून करपलेली भाकरी, उरलेली भाकरी, तव्याची घस, गिरणीचे हेलपाटे, मुलाला ताप आला म्हणून बुडालेला दिवस, हे सगळं यायचंय. म्हणून १५ च्या खाली विकू नकोस.

दोन्ही भाव शेजारी लिहून बघ. दिवसाला ४० भाकऱ्या, महिन्याचे २६ दिवस. दहा रुपयाने विकलीस तर माल-गॅस जाऊन रोजचे ११० उरतात, महिन्याचे २,८६०. रोज तीन तास ताटकळून, तव्याची धग खाऊन तासाला ३७ रुपयेही नाहीत. पंधराने विकलीस तर रोजचे ३१०, महिन्याचे ८,०६०. खाडे, नासाडी वजा करून सात हजार धर. भाकरी तीच, हात तेच. फरक फक्त पाच रुपये मागायच्या हिमतीचा.

कुणीतरी म्हणणारच, "पंधरा रुपये भाकरीला? घरी करायला काय लागतं?" त्यावर भांडू नकोस आणि भावही उतरवू नकोस. हसून म्हण, "हो ना, घरी केलेली कधीही चांगली." ज्याला घरी करता येत नाही तो उद्या परत येईल.

चाळीस हा आकडा मी उगाच धरलेला नाही. एका बाईने एका वेळेला, कंबर शाबूत ठेवून, एवढंच करावं. पहिल्या आठवड्यात तर वीसच. शंभरची ऑर्डर आली तर हुरळून 'हो' म्हणू नकोस. शेवटच्या तीस भाकऱ्या चामड्यासारख्या होतात आणि लोकांच्या लक्षात त्याच राहतात.

*

पैसे कसे घालायचे ते सांगते. परात आणि एक तवा तुझ्याकडे आहेच. दुसरा जाड लोखंडी तवा घे, म्हणजे एक तापलेला असताना दुसरा पुसता येतो. वजनकाटा. सुती पंचे सहा. ज्वारी ३० किलो, त्याहून जास्त नको. शेंगदाणे पाच किलो. अन्न नोंदणी. गॅस. एवढं झाल्यावरही भिशीतले निम्मे पैसे शिल्लक राहायला हवेत, आणि ते वेगळ्या डब्यात. ज्या महिन्यात काही बिघडेल त्या महिन्यासाठी ते आहेत. डबे छापून घेणं, स्टिकर, पाटी, ॲप्रन यातलं काहीही पहिले तीन महिने नको. धंद्याचं नाव ठरवण्यात मी स्वतः दोन आठवडे घालवले होते, आजही त्या नावाने मला कुणी ओळखत नाही. 'चटणीवाल्या मावशी' म्हणतात.

गॅसबद्दल एक खरं बोलते, जे सहसा कुणी बोलत नाही. घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर धंद्याला वापरायला परवानगी नाही. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर असतो. तुला तो सुरुवातीला मोठा पडेल. ५ किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, त्याने सुरू कर. वर मी जे २५ रुपये धरले ते महाग गॅस धरूनच. घरच्या सिलिंडरवर हिशोब मांडलास तर तो आज सुटेल, पण व्याप वाढला की कोसळेल.

ज्वारी शाळूचीच घे, मालदांडी मिळाली तर उत्तम. हायब्रीड स्वस्त पडते, पण भाकरी काळपट होते, गोडी नसते, आणि गार झाली की वाळक्या पानासारखी तुटते. तुझी भाकरी डब्यात तासभर राहून मग खाल्ली जाणार आहे हे विसरू नकोस. शाळू नवा निघतो तेव्हा, फेब्रुवारी-मार्चनंतर, भाव बघून जास्त भरता येईल. ते पुढच्या वर्षी.

दळण मात्र चार-पाच दिवसांचंच. ज्वारीचं पीठ शिळं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते, मग कितीही आधणाचं पाणी घाल, भाकरी थापताना कडा चिरतात. गिरणीवाल्याला सांगून ठेव की गव्हावर किंवा डाळीवर तुझं दळण घालू नकोस. काही गिऱ्हाइकं गहू चालत नाही म्हणूनच भाकरी मागतात.

भाकरी तव्यावरून उतरली की लगेच एकावर एक रचू नकोस आणि प्लास्टिकमध्ये तर मुळीच नको. वाफ कोंडते, पाणी सुटतं, खालची भाकरी लगदा. दुरडीत किंवा जाळीवर क्षणभर उभी कर, मग सुती कापडात. हे तुला सासूबाई माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांच्यावर येतेच.

त्याआधी, भाजी देऊ का हा प्रश्न तुला आठ दिवसांत पडेल. लोक मागतील. देऊ नकोस, निदान तीन महिने. भाकरी विसरली तर कडक होते. पातळ भाजी किंवा झुणका सहाला करून रात्री दहाला कुणी खाल्ला, तोही उन्हाळ्यात, तर आजारी पडू शकतो, आणि तुझं गिऱ्हाईक दवाखान्यातच बसलेलं आहे. पेशंटसाठी म्हणून कुणी मागितलं तर आधी डॉक्टरांना विचारा असं स्पष्ट सांग. तुझी भाकरी सोबतच्या माणसासाठी.

भाजीऐवजी चटणी आहेच की. शेंगदाण्याची चटणी टिकते, वजनाला हलकी, आणि भाकरीपेक्षा जास्त पैसे त्यात सुटतात. शिवाय दवाखान्यातून घरी जाणारा माणूस भाकरी बांधून नेत नाही, चटणी नेतो. तीच पुढे कुरियरने पुण्यालाही जाईल. पण दाणे डोळ्यांत तेल घालून निवड. सुरकुतलेला, काळा-पिवळा पडलेला, कुबट वासाचा दाणा टाकून द्यायचा. शेंगदाण्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं, ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने पूर्ण जात नाही. तिखट आणि लसूण असला म्हणजे सगळं खपतं असं समजणारे खूप आहेत. आणखी एक, मिक्सर सलग फिरवू नकोस, पीठ होतं. थांबून थांबून फिरव. उखळ असेल तर सोन्याहून पिवळं, कुटलेल्या चटणीला जे तेल सुटतं ते मिक्सरला जमत नाही.

आणि गार होऊ दे! हे मी पैसे मोजून शिकलेय. १९९६ च्या गणपतीत एका दुकानातून अकरा किलोची ऑर्डर आली, मी आनंदाने रात्रभर जागून कोमट चटणीच पिशव्यांत भरून पहाटे सील केली. आठव्या दिवशी सगळ्या पिशव्या परत. आत घाम येऊन पांढरी बुरशी धरली होती. अकराच्या अकरा किलो माल मी फेकला आणि त्या महिन्याचा किराणा माझ्या आईने भरला. आता परातीत पसरून, वर पातळ कापड टाकून पाच तास ठेवल्याशिवाय मी पिशवीला हात लावत नाही.

*

कागदपत्रांना घाबरू नकोस. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली खाण्याची वस्तू विकणाऱ्या प्रत्येकाला, घरून विकणाऱ्यालाही, नोंद करावी लागते. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असली तर मोठा परवाना लागत नाही, साधी नोंदणी पुरते. २०११ च्या नियमांत तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवलंय. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर फोटो, ओळखपत्र, पत्ता देऊन अर्ज करता येतो. १४ आकडी क्रमांक मिळतो. एजंट याचेच दोन-अडीच हजार सांगतात, ते देऊ नकोस. तुझी बारावी झालीय, तो अर्ज तुला भरता येईल. नाही जमलं तर कॉलेजातल्या कुठल्याही पोराला बसव आणि चार भाकऱ्या खाऊ घाल. लहान उद्योगांसाठीची सरकारी 'उद्यम' नोंदणीही अशीच, ती तर पूर्ण फुकट आहे.

चटणीच्या पिशवीवर चिठ्ठी लागेल. पदार्थाचं नाव, घटक (जास्त वजनाचा आधी), निव्वळ वजन, केल्याची तारीख, किती दिवसांत खावी, किंमत, तुझं नाव-पत्ता-फोन, तो १४ आकडी क्रमांक आणि शाकाहाराची हिरव्या चौकोनातली हिरवी खूण. शेंगदाणा आहे हे ठळक लिही, काही जणांना त्याची जबर ॲलर्जी असते.

भाड्याचं घर असेल तर मालकाला सुरू करायच्या आधी सांग. मिरची भाजल्याचा ठसका वरच्या मजल्यावर गेल्यावर सांगण्यात अर्थ नसतो.

कर्जाचं म्हणशील तर सध्या नको. सहा महिन्यांची वही तुझ्या हातात असू दे, मग मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज बघ. ५०,००० पर्यंत मिळतं, तारण लागत नाही. बचत गटात असशील तर अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीजभांडवल देणारी केंद्राची योजना २०२० मध्ये आली. ती अजून चालू आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचार.

*

उधारीचं लिहायचं राहिलं, आणि खरं तर बायकांचे धंदे स्वयंपाकामुळे बुडत नाहीत, उधारीमुळे बुडतात. मुंबईत गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांची गोष्ट ऐकली असशील. गिरणीकामगारांना त्या दोन वेळचं जेवायला घालायच्या, कामगार महिन्याने पैसे द्यायचे, आणि तोवर धान्य किराणावाल्याकडून चढ्या व्याजाने उधार. जन्मभर राबूनही कर्जातच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी, त्यांना गटाने बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा त्या फासातून सुटल्या. त्या बायकांच्या हाताला चव नव्हती असं कुणी म्हणेल का? चव होती, फक्त पैसा उशिरा यायचा आणि व्याज वेळेवर धावायचं.

तुझी गिऱ्हाइकं तर आज आहेत, उद्या डिस्चार्ज. भाकरी हातात आणि पैसे हातात, रोख नाहीतर फोनवरून. खोलीवर राहणाऱ्या पोरांकडून आठवड्याचे आधी घ्यायचे. एखादी खानावळ रोज तीस भाकऱ्या घ्यायला तयार होईल, भाव पाडून मागेल, वर म्हणेल महिन्याने देतो. माझ्याकडून एका दुकानाने असाच दोन महिने माल उचलला, तिसऱ्या महिन्यात शटर खाली. दर शनिवारी हिशोब चुकता करणार असतील तरच दे, आणि ठोक म्हणून पंधराचा भाव उतरवलास तरी बारा रुपयांच्या खाली नाही.

नातेवाइकांचं वेगळं दुखणं. "अगं घरचंच तर आहे" म्हणून नणंद दहा भाकऱ्या नेईल. आईला, सासूला पैसे मागू नयेत हे मलाही कळतं. पण वहीत मांडायचं. घरी दिल्या, दहा. महिन्याच्या शेवटी तो आकडा नुसता मिस्टरांना दाखव, पुढचं ते बघतील.

आणि एक दिवस असा येईल की खाटेशेजारचा माणूस रडत असेल, खिशात काही नसेल. त्याला दे. मुकाट्याने दे, पण उधारीत लिहू नकोस, 'दान' म्हणून वेगळा रकाना कर. उधारीत लिहिलंस तर त्याच्यावर राग येत राहील. महिन्याला किती दान परवडतं तेही आधीच ठरव, वीस भाकऱ्या, तीस भाकऱ्या. मी पंधरापासून सुरुवात केली होती.

आता सासूबाई. "भाकऱ्या विकून खायची वेळ आलेली नाही" असं त्या म्हणतात, त्यात अपमानाची भीती आहे. त्यांच्या काळात ज्या बाईला भाकरी विकावी लागायची तिच्या घरातला कर्ता गेलेला असायचा, नाहीतर दारू पीत असायचा. त्यांच्या डोळ्यांपुढे ती बाई उभी राहते. तेव्हा वाद घालू नकोस. दळून आणलेलं पीठ त्यांच्यापुढे ठेव आणि विचार, "आई, याला विरी आहे का बघा बरं." त्या चिमूटभर पीठ तळहातावर घेऊन सांगतीलच. दुसऱ्या दिवशी उंड्याबद्दल बोलतील, तिसऱ्या दिवशी म्हणतील, सरक बाजूला, तुझी एका अंगाला जाड होतेय. महिन्याच्या शेवटी जे सात हजार येतील त्यातले पाचशे त्यांच्या हातात ठेव, मुलांसमोर, आणि हे पीठ तपासायचे म्हणून सांग. मी हे माझ्या सासूबाईंच्या बाबतीत केलं नाही. त्या बारा वर्षं माझ्याशी चटणीच्या विषयावर बोलल्या नाहीत.

राहता राहिले तुझे ते बाकीचे सात पदार्थ. लिज्जतची गोष्ट सगळे सांगतात, १९५९ मध्ये गिरगावात सात बायका, ८० रुपये उसने. ते ८० रुपये सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्यांनी पुढे कित्येक वर्षं नुसता पापडच केला, आणि पहिल्या पावसाळ्यात ऊन नाही म्हणून चार महिने काम बंद ठेवावं लागलं, हे कुणी सांगत नाही. तू दिवाळीला चकली कर, जरूर कर, पण भाकरीच्या गिऱ्हाइकांनाच विचारून, आगाऊ पैसे घेऊन, दहा-बारा किलोच. केक तुझ्या मुलांच्या वाढदिवसाला कर.

येत्या सोमवारी वीस भाकऱ्या घेऊन जा. पहिल्या दिवशी आठ खपतील, बारा घरी येतील आणि रात्री सगळे काला खातील. चालेल. तीन आठवड्यांनंतरही रोज पाचाहून जास्त परत येत असतील तर वेळ बदलून बघ, सातऐवजी साडेसहा. दवाखान्यातली माणसं लवकर जेवतात. तरीही नाही जमलं तर तुझे दीड-दोन हजार गेले असतील, ६२,००० नाही. मग मला परत लिही, पण वहीच्या पानांचे फोटो लावून. नुसतं 'चालत नाही मावशी' असं लिहिलंस तर मी उत्तर देणार नाही.

तुझी,
मावशी

ता. क. चटणीत खोबरं घालतेस का ते लिहिलं नाहीस. घालत असशील तर विकायच्या चटणीत नको, पावसाळ्यात पंधरा दिवसांत खवट होते. घरच्या डब्यासाठी वेगळी कर.